पोपटाचं उष्टं

"म्हण, तिळगूळ घ्या, गोड बोला."

वहिनींच्या हातात अर्धा पेरू होता. पोपटाने टोचलेला, खाली पडून एका बाजूने काळा झालेला. तो त्यांनी माझ्या डोक्यावर उंच धरला होता आणि मी मान वर करून त्याच्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "तिलदूल द्या, दोद बोला."

ओटीवरच्या सगळ्या बायका हसल्या. निर्मळच्या त्या वाडीत संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. काळ्या साड्या, डोक्यात आमच्याच आयने खुडलेली फुलं. एक बाई तर हसता हसता पदराने डोळे पुसायला लागली.

"अय्या, अजून एकदा. आता काकी म्हण."

"ताती."

पुन्हा हसल्या. मग पेरू माझ्या हातात पडला. तो खाली पायरीवर बसून खायचा, ओटीवर नाही. हे मला सांगावं लागायचं नाही.

आय अंगणात उभी होती, फुलांची टोपली कमरेला लावून. तीसुद्धा हसत होती.

तेव्हा मी सहा वर्षांची असेन. माझं बोलणं घरात आय सोडून कुणाला कळायचं नाही. वाडीत मला नाव होतं बोबडी. "आली बघा आमची बोबडी," असं म्हणतच वहिनी बाहेर यायच्या. वहिनी म्हणजे वाडीच्या मालकीणबाई. केळी, नारळ, फुलं, मागे विहीर, विहिरीपाशी पेरूचं झाड. आम्ही खाडीकडचे. आजा मिठागरात राबून मेला, थोडी भातजमीन होती ती चुलत्यांत गेली. आय पहाटे एसटीने निर्मळला यायची, फुलं खुडायची, केळीची पानं कापायची. मला घरी ठेवणार कुणाकडे? म्हणून मी तिच्यामागे.

मूल बोबडं असेल तर त्याला पोपटाने खाल्लेलं फळ द्यायचं, म्हणजे जीभ सुटते. आमच्याकडे सगळेच मानतात, वाडीवालेही मानतात. पेरूच्या झाडाखाली असली टोचकी फळं सडून जायची, माश्या घोंघावायच्या. पण आयने कधी न विचारता एक उचललं नाही. पोपटाचं उष्टं झालं तरी ते वहिनींच्या झाडाचं. मागायला जावं लागायचं. आणि मागायला गेलं की वहिनी म्हणायच्या, "देते गं, आधी बोलून तर दाखवू दे तिला."

आता ऐका. मला वाटायचं, मी काहीतरी भारी करते. मी बोलले की एवढ्या मोठ्या घरच्या बायका खूश होतात. मी पायरीवर बसून पेरू खायचे आणि मनात पुढच्या वेळचे शब्द घोकायचे. घोकायचे! कारण मला हसणं दिसायचं फक्त. उघडी तोंडं दिसायची, दात दिसायचे, हलणारी पोटं दिसायची. ऐकू यायचं ते सगळं गढूळ, पाण्यात बुडी मारल्यावर येतं तसं. हसण्याच्या मध्ये मध्ये त्या काय बोलायच्या ते माझ्यापर्यंत कधी पोचलंच नाही.

कारण माझे कान वाहत होते.

दोन्ही कान. वास यायचा. आय कापसाचा बोळा घालायची, तो ओला झाला की पदराने पुसून दुसरा घालायची. ओटीवरच्या प्रत्येक बाईला तो बोळा दिसत होता. वहिनींनी तर सांगितलंही होतं, "बावखलाच्या पाण्यात डुंबते ना दिवसभर, थंडी बसली असेल. लसणीचं तेल कोमट करून घाल." घातलं. आयने किती तेल ओतलं असेल त्या कानांत, देवच जाणे. मी किंचाळायचे आणि ती मला मांडीखाली दाबून धरायची.

आणि सगळ्यांचं लक्ष कुठे? माझ्या जिभेकडे. जीभ बाहेर काढ, जीभ वर कर, जीभ टाळ्याला लाव. वेखंड उगाळून माझी जीभ सोलवटली. जो येईल तो नवं कारण सांगून जायचा. कुणी म्हणालं, आय पोटुशी असताना ग्रहणात विळी घेऊन बसली होती. बसली होतीच ती. फुलं, पानं थांबतात का ग्रहणासाठी? ती पानं वहिनींच्याच वाडीची होती आणि सकाळी बाजारात जायची होती. कुणी म्हणालं, हिच्याशी घरात कुणी बोलतच नसेल. आणि एक पाहुणी होती ठाण्याची, ती वहिनींना म्हणाली होती, "यांच्यातली मुलं अशीच असतात हो. जात्याच जिभा जड." हे मला पुढे आयनेच सांगितलं. तिच्या समोर म्हणाली होती ती बाई. आयला कान होते ना.

मग शाळेत एकदा डॉक्टर आली तपासायला. तरुण होती, घाईत होती. मुलांच्या रांगेत मी उभी होते. तिने मला नाव विचारलं, मी सांगितलं, तिला कळलं नाही. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, जीभ दाखव. तिने नाकाने वास घेतला आणि माझं डोकं धरून एका बाजूला वळवलं. बॅटरी लावून आत बघितलं. मग दुसरा कान. मग म्हणाली, "हिच्या आईला बोलवा."

आय आली, चिखलाच्या पायांनी. डॉक्टरीण तिच्यावर ओरडली. सगळ्या शाळेसमोर.

"कान सडलाय मुलीचा आणि तुम्ही तेल घालता? दोन्ही पडद्यांना भोकं आहेत. हिला नीट ऐकूच येत नाही, तर बोलेल कुठून? जे ऐकते तेच बोलते ती. आई आहात की कोण आहात?"

आय एवढंच म्हणाली, "मना वाटला जीभ जड हाय."

डॉक्टरणीचं म्हणणं खरं होतं. पण ओरडली ती कुणावर? तेल घालायला सांगणारीवर नाही. जिच्याकडे दुसरं काही नव्हतं तिच्यावर. मी तेव्हा त्या डॉक्टरणीचं तोंड बघत होते. तेही उघडं होतं, त्यातही दात होते, पण ते हसत नव्हतं. एवढाच फरक मला कळला.

पुढे सरकारी इस्पितळाच्या फेऱ्या. औषधांनी आधी कान कोरडे केले, मग ऑपरेशन करून पडद्यांना ठिगळं लावली, आधी एका कानाला, मग दुसऱ्याला. वर्षाच्या वर गेलं. एक दिवस आय चुलीपाशी बसली होती, तिने तव्यात बोंबील टाकले आणि मी दचकून पळाले. मासळी तळताना आवाज होतो, हे मला माहीतच नव्हतं. आय आधी घाबरली, मग रडायला लागली, मग तिने सगळे बोंबील एकेक करून टाकले आणि मी प्रत्येकाला दचकले.

ऐकू आलं म्हणून बोलणं लगेच सुधारत नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं तोंडाला जे वळण पडलेलं असतं ते तसंच राहतं. मी अजून तशीच बोलत होते. फक्त आता ऐकत होते.

पुन्हा संक्रांत आली. पुन्हा ओटी, काळ्या साड्या. वहिनी पेरू घेऊन बाहेर आल्या.

"आली बघा आमची बोबडी. हिचं ऐका हं, हसून हसून पोट दुखेल."

ऐकलं मी. स्वच्छ ऐकलं.

"काय गं बाई, माकडासारखं तोंड करते."

"दिसायला बरी आहे हो. पण हिचं लग्न कसं व्हायचं?"

"मुकी म्हणून खपवायची. बरंच की, नवऱ्याला त्रास नाही."

आणि हसू. हसण्याला इतका आवाज असतो? फरशीवर भांडी टाकावीत तसा. मी पायरीवर उभी होते आणि मला माझी मागची सगळी हळदीकुंकवं आठवली, एकदम. प्रत्येक वेळचं ते उघडं तोंड आणि त्यात आता आवाज भरला गेला. हे म्हणत होत्या या. मी घोकून यायचे आणि या हे म्हणत होत्या.

मग मागून आणखी एक हसणं ऐकू आलं. बारीक, कोरडं, घशात अडकलेलं. मी वळून बघितलं. आय होती. आयचं हसणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ते हसणं नव्हतंच.

"बोल ना गं," वहिनी म्हणाल्या. पेरू डोक्यावर धरलेला.

"नाय बोलनार," मी म्हटलं.

"काय?"

मी तोंड मिटलं. त्यांनी पेरू पुढे केला, मी हात मागे घेतले. वहिनींचा चेहरा असा झाला की मी त्यांच्या ताटात थुंकले जणू. "बघ पारू, माज बघ पोरीचा. आम्ही हिच्या भल्यासाठी करतो."

आयने टोपली खाली ठेवली, पायरी चढून आली आणि मला कानाखाली मारली. नुकत्या शिवलेल्या कानावर नाही, एवढं तिने सांभाळलं. दुसऱ्या गालावर मारली आणि म्हणाली, "बोल." मी बोलले नाही. तिने पुन्हा मारली. मी बोलले नाही. शेवटी तिनेच पेरू उचलून पदरात घेतला, वहिनींना म्हणाली, "पोर हाय, माफी करा," आणि मला ओढत घेऊन गेली.

त्यानंतर मी फार बोललेच नाही. शाळेत नाही, कुठेच नाही. बाई प्रश्न विचारायच्या, मला उत्तर यायचं आणि मी खाली मान घालून उभी राहायचे. तोंड उघडलं की कुणीतरी हसणार, आणि आता मला ते ऐकू येणार. दहावीपर्यंत अशीच गेले. आज मी वसईत कापडाच्या दुकानात काउंटरला असते, आणि गिऱ्हाइकं आपापसात कशालाही हसली तरी मी कापड मोजायचं थांबते. मी आधी बघते, माझ्याकडे बघून हसतायत का. अजून.

रात्री झोपेत तोंडं येत नाहीत मला. ते हसणं येतं. आयचं.

माझं लग्न झालं, विरारला खोली घेतली, मनू झाली. मनू तीन वर्षांची झाली, चार वर्षांची झाली. "आई, ताऊ दे." काऊ मागत होती ती, दारातला कावळा. देवा, हे परत कशाला?

मी थांबले नाही. त्याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरकडे. कान साफ, ऐकू उत्तम. टाळू बघितली, जीभ बघितली, सगळं ठीक. मग बोलणं शिकवणाऱ्या मॅडम असतात, त्यांच्याकडे. मी त्यांना सरळ विचारलं, "माझ्यामुळे झालं का? मी अशी होते लहानपणी."

त्या म्हणाल्या, "तुमचं कानामुळे होतं, तिचे कान चांगले आहेत. कधी कान असतो, कधी टाळू फाटलेली असते, कधी मेंदूकडून तोंडाला निरोप नीट पोचत नाही, कधी घराण्यात असतं. आणि पुष्कळ मुलांत तपासून तपासून कारण सापडतच नाही."

"सापडत नाही म्हणजे?"

"म्हणजे सापडत नाही. घरी कुठली बोली बोलता त्याने होत नाही. ग्रहणाने होत नाही. आई कामाला जाते म्हणून होत नाही. कारण शोधत बसू नका, शिकवायला लागा."

सांगायला सोपं आहे. माझ्या आयला लोकांनी ढीगभर कारणं दिली आणि खरं एक होतं ते बघितलं नाही. मला खरं सांगणारी भेटली तर तिच्याकडे कारणच नाही. बसा आता.

पण शिकवलं. रोज संध्याकाळी न्हाणीत पाण्याच्या गुळण्या. घशात पाणी घोळवायचं, ते घशाच्या मागे जिथे खुळखुळतं ना, तिथूनच क निघतो. मनूचा फ्रॉक भिजायचा, माझी साडी भिजायची. मॅडमनी बजावलं होतं, "चारचौघांत उभी करून म्हणवून घेऊ नका. मूल एकदा हसण्याला बिचकलं की प्रयत्न सोडतं." मला सांगत होत्या! मी महिने काढले त्या क साठी. आणि एका रविवारी मनू भाताचं ताट पुढे ओढून म्हणाली, "आई, काकडी." मी भाताचा हात तसाच धरून बसून राहिले.

आय अजून त्याच वाडीत जाते. आता तिथे अर्ध्या जागेत लॉन केलंय, लग्नं होतात, वाढदिवस होतात. मला दुकानात जास्तीचं काम असलं की मनू आयबरोबर जाते. नाइलाज आहे, दुसरं कोण आहे मला?

त्या दिवशी वहिनींच्या नातवाचा वाढदिवस होता. मी दुकानातून सुटून मनूला घ्यायला गेले. फाटकातून आत शिरले तर लॉनवर बायकांचा घोळका, मध्ये माझी मनू. वहिनींची सून मोबाईल धरून तिच्यासमोर वाकली होती. दुसऱ्या हातात चॉकलेट.

"बोल ना मनू, काकू, केक कापा."

मनूने श्वास घेतला. लांबूनही मला दिसलं, तिने घसा तयार केला. आणि म्हणाली, "काकू, केक कापा."

सगळे क. एकूणएक.

सुनेने मोबाईल खाली केला. "अरे, हे काय? नीट बोलायला लागली ही! असं नको गं, आधीसारखं बोल ना. तातू म्हणायचीस तसं. खूप क्यूट वाटतं. थांब हं, परत घेते."

मनूला कळेना. तिने आजीकडे बघितलं. आय फुलांच्या टोपलीपाशी उभी होती. म्हणाली, "बोल गो बाय, सांगतान तं बोल."

आणि माझ्या पोरीने, चॉकलेटकडे बघत, हळूच म्हटलं, "तातू, तेत तापा."

हसल्या सगळ्या. तेच हसणं. आणि त्याच्या मागून ते बारीक, कोरडं, घशात अडकलेलं.

मी घोळक्यात घुसले, मनूला उचललं.

"तो व्हिडिओ पुसा."

"अगं, कौतुकाने केला," सून म्हणाली. "ग्रुपवर टाकणार होते फक्त."

"कौतुक तुमच्या पोराचं करा. त्याला बोबडं बोलायला लावा, चॉकलेट दाखवा आणि टाका ग्रुपवर. पुसा म्हटलं ना."

वहिनी खुर्चीत बसलेल्या होत्या, आता म्हाताऱ्या झाल्यात. बाजूच्या बाईला म्हणाल्या, "हीसुद्धा अशीच होती बरं का. आमच्या झाडाच्या पेरूने वाचा फुटली हिला. आता बघा कशी तोंड वाजवते."

कानाखाली मारल्यासारखं झालं. माझी वाचासुद्धा यांनीच दिलेली? मनूला कडेवर घेऊन मी त्यांच्या खुर्चीसमोर गेले. माझं बोलणं अजून थोडं जड आहे. घाई झाली, राग आला की शब्द एकमेकांत शिरतात. त्या दिवशीही शिरले. शिरू दे म्हटलं.

"वहिनी, माझे कान वाहत होते. तुमच्या ओटीवर वाहत होते. बोळा तुम्हाला दिसत होता, वास तुम्हाला येत होता. तुम्ही सगळ्या माझी जीभ बघत होतात. ऐकायला मजा येत होती म्हणून."

आय मागून माझा दंड ओढत होती. "गप गो, माजा काम जाल. गप."

"जाऊ दे," मी म्हटलं. आणि सुनेकडे हात केला. "पुसा."

ती पुसेपर्यंत मी तिथून हलले नाही. पुसलेलं डोळ्यांनी बघितलं आणि मग निघाले. मनूच्या मुठीतलं चॉकलेट मी काढून टेबलावर ठेवलं. ती रडली. रडू दिली.

आयचं काम गेलं नाही. फुलं खुडायला पहाटे माणसं मिळतात कुठे? चार दिवसांनी वहिनींनीच निरोप धाडला आणि ती गेली. माझ्याशी ती नीट बोलत नाही. मनू मात्र परत त वर गेली. काकडीची तातडी झाली. मॅडम म्हणाल्या, परत पहिल्यापासून. बरं, तर परत पहिल्यापासून. न्हाणी, पाणी, गुळण्या. अजून आलेला नाही क. येईल की नाही तेही मला ठाऊक नाही.

परवा संध्याकाळी आय आली. गुपचूप पदराची गाठ सोडली आणि पेरू काढला. पोपटाने टोचलेला, एका बाजूने काळा.

"देऊन तं बघ एकदा. मागून आनलाय."

मागून आणलाय. म्हणजे तिथे जाऊन, उभं राहून, हसून आणलाय. मी तिच्या हातातून तो पेरू घेतला, दार उघडलं आणि गटारात फेकला. आय बघत राहिली. मनू बघत राहिली.

"आय, तू या घरात ये, जेव, राहा. पण या घरात कुणाचं उष्टं येणार नाही. पोपटाचं नाही आणि त्या ओटीवरचं तर नाहीच. माझी पोर बोलेल तेव्हा तिला काहीतरी सांगायचं असेल म्हणून बोलेल. आणि नाही आला क, तर त्याच्याशिवाय बोलेल. पण बोलून दाखवणार नाही कुणाला."

मी मनूला न्हाणीत नेलं, तांब्या भरला आणि पहिली गुळणी मी केली.